‘हे खरं नाही’ म्हणायला लागलेले तेरा दिवस

"मला पाच मुलगे आहेत. खरी नसलेली गोष्ट कुणीतरी पुन्हा पुन्हा सांगत राहतं आणि शेवटी ती मला पटेल अशी आशा धरून असतं, याची मला सवय आहे." ३ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या पहिल्या डिबेटमध्ये, डेन्व्हर विद्यापीठाच्या मंचावरून रिपब्लिकन उमेदवार आणि मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर मिट रॉमनी हे हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले. समोर उभे होते अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा. त्याच रात्री पुढे रॉमनींनी आणखी एक वाक्य टाकलं: "मिस्टर प्रेसिडेंट, राष्ट्राध्यक्ष म्हणून स्वतःचं विमान आणि स्वतःचं घर यांवर तुमचा हक्क आहे, पण स्वतःच्या वेगळ्या तथ्यांवर नाही."

‘खोटारडा’ हा शब्द या दोन्ही वाक्यांत कुठंच नाही. पण आरोप तोच आहे, आणि तो देशाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाच्या तोंडावर, जवळजवळ पावणेसात कोटी प्रेक्षकांसमोर केलेला आहे. ओबामांनी त्याला त्याच तोडीचं उत्तर दिलं नाही. ते मान खाली घालून टिपणं काढत राहिले. पडद्याचे दोन भाग करून वाहिन्या दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दाखवत होत्या, त्यामुळे ती खाली घातलेली मान घराघरांत दिसत राहिली.

उमेदवारानं प्रतिस्पर्ध्याला डिबेटमध्ये उघडपणे ‘तुम्ही खोटं बोलताय’ म्हणावं की नाही, हा प्रश्न मला २०१२ च्या त्या ऑक्टोबरइतका स्वच्छ दुसरीकडे कुठं दिसत नाही. जवळपास तीच माणसं, तेच वाद, आणि तीन आठवड्यांत चार डिबेट. पहिल्यात आरोप गिळला गेला, दुसऱ्यात तो खिदळत केला गेला, तिसऱ्यात नेमका केला गेला आणि त्याच तिसऱ्यात तो करणाऱ्यावर उलटलाही.

आधी वाद काय होता ते. रॉमनींच्या आर्थिक आराखड्याचा गाभा होता आयकराच्या सगळ्या दरांत २० टक्के कपात. यातून तूट वाढणार नाही, कारण करसवलती आणि पळवाटा बंद करून तेवढाच पैसा उभा करू, आणि मध्यमवर्गावर बोजाही पडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. कोणत्या सवलती बंद करणार हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. ऑगस्ट २०१२ मध्ये टॅक्स पॉलिसी सेंटर या संस्थेच्या अभ्यासकांनी हा हिशेब मांडून पाहिला. त्यांचा निष्कर्ष असा की वर्षाला दोन लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्यांच्या शक्य तेवढ्या सगळ्या सवलती काढून घेतल्या तरी सुमारे ८६ अब्ज डॉलर कमी पडतात, आणि ते त्याहून कमी उत्पन्न असलेल्यांकडूनच घ्यावे लागतील. ओबामांची प्रचारयंत्रणा या आराखड्याला ‘पाच लाख कोटी डॉलरची करकपात’ म्हणत होती. दहा वर्षांचा, आणि सवलती बंद करून येणारा पैसा न धरता काढलेला तो आकडा.

डेन्व्हरला ओबामांनी हा आकडा मांडताच रॉमनी म्हणाले, असली पाच लाख कोटींची करकपात माझ्याकडे नाहीच. ओबामांचं उत्तर होतं की गेले अठरा महिने ते याच आराखड्यावर प्रचार करतायत आणि आता निवडणूक पाच आठवड्यांवर आल्यावर म्हणतायत, ‘जाऊ द्या, विसरा ते’. पुढे ते म्हणाले, हे गणित आहे, साधी अंकगणिताची गोष्ट आहे. कागदावर वाचलं तर उत्तर वाईट नाही. पण ते लांबलचक वाक्यांमध्ये बुडालं, आणि बोलणाऱ्याचा चेहरा त्याला साथ देत नव्हता. सीएनएनच्या पाहणीत डिबेट पाहिलेल्या मतदारांपैकी ६७ टक्क्यांनी रॉमनी जिंकल्याचं सांगितलं, तर ओबामांच्या वाट्याला २५ टक्के आले.

आठवडाभरानं टॉम जॉयनर यांच्या रेडिओ कार्यक्रमात ओबामांनी कारण सांगितलं. मी जरा जास्तच सभ्यपणे वागलो, असं ते म्हणाले. सारखं सारखं ‘तुम्ही म्हणताय ते खरं नाही’ म्हणत राहणं अवघड असतं, त्यात तोचतोचपणा येतो, असंही त्यांनी सांगितलं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं विधान हे आहे. ते प्रामाणिकही आहे. अमेरिकेतल्या राजकारण्यांना या शब्दाचा धाक वाटण्याला कारणं होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची न्यू हॅम्पशायरची प्राथमिक फेरी हरल्यावर बॉब डोल टीव्हीवरच्या थेट मुलाखतीत होते. प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश (थोरले) यांना काही सांगायचं आहे का असं विचारल्यावर डोल म्हणाले, "माझ्या कामगिरीबद्दल खोटं बोलणं थांबवा." बुश यांच्या प्रचारानं डोल यांची करांबाबतची भूमिका विपर्यास करून दाखवली होती, म्हणजे तक्रार निराधार नव्हती. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो चिडलेला, कडवट माणूस. आणि ओबामा स्वतः या शब्दाच्या दुसऱ्या टोकालाही उभे राहिले होते. सप्टेंबर २००९ मध्ये काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनात ते आरोग्यविम्यावर बोलत असताना साउथ कॅरोलिनाचे रिपब्लिकन प्रतिनिधी जो विल्सन बाकावरून ओरडले, "यू लाय!" सभागृहानं त्यांच्याविरुद्ध २४० विरुद्ध १७९ मतांनी नापसंतीचा ठराव केला. ज्याच्यावर असा शब्द फेकला गेला आहे तो स्वतः तो उचलताना दहा वेळा विचार करील, हे मला समजतं.

पण समजणं वेगळं आणि योग्य म्हणणं वेगळं. डिबेट ही दोन उमेदवारांमधली खासगी बोलाचाली नसते, जिथं सभ्यपणासाठी एखादी गोष्ट सोडून देता येते. ऐकणारा मतदार त्या दीड तासातच काय ते ऐकतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं तथ्यं तपासतील म्हणावं तर ती वाचणारे किती? समोरचा माणूस चुकीचं सांगत असताना ते माहीत असलेला एकमेव माणूस मंचावर असतो, आणि तो गप्प राहिला तर ते विधान खरं म्हणून घराघरांत राहतं. ओबामांच्या सभ्यपणाची किंमत त्यांनी एकट्यानं मोजली नाही.

त्याहून वाईट घडलं ते दुसऱ्या दिवशी. डेन्व्हरमधल्याच सभेत ओबामा म्हणाले, काल मंचावर मला एक फार उत्साही गृहस्थ भेटले, ते स्वतःला मिट रॉमनी म्हणवत होते, पण ते खरे रॉमनी असूच शकत नाहीत. टाळ्या पडल्या. त्यांचे सहकारी पुढचे दिवस टीव्हीवर रॉमनींना अप्रामाणिक म्हणत राहिले. समोर माणूस असताना न बोलता त्याची पाठ वळल्यावर बोललेला आरोप कितीही खरा असला तरी तो हरलेल्याची कुरकूर वाटतो, आणि ज्याच्यावर केला त्याला उत्तराची संधीही मिळत नाही.

आता खरा कठीण प्रश्न. डेन्व्हरला ओबामांनी ‘तुम्ही खोटं बोलताय’ असं म्हटलं असतं, तर ते बरोबर ठरलं असतं का?

करकपातीबाबत नाही. रॉमनींनी दर कमी करू म्हटलं होतं, भरपाई करू असंही म्हटलं होतं. ती भरपाई जमत नाही हा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. न जमणारा हिशेब मांडणं हा बेजबाबदारपणा आहे, अर्धवट सांगणं ही लपवाछपवी आहे, पण त्याला सरळ खोटं म्हणता येत नाही. शिवाय भरपाईचा भाग वगळून ‘पाच लाख कोटी’ म्हणणं हेही अर्धंच सत्य होतं, आणि तथ्यं तपासणाऱ्यांनी त्याबद्दल ओबामांनाही टोकलं होतं. तिथं एकच प्रश्न पुरेसा होता: कोणत्या तीन सवलती बंद करणार, नावं सांगा. आणि उत्तर मिळेपर्यंत तोच पुन्हा विचारायचा.

विम्याबाबत मात्र जागा होती. रॉमनी म्हणाले, आधीपासून आजार असलेल्यांसाठी माझ्या आराखड्यात सोय आहे. ज्यांचा विमा सलग चालू आहे त्यांच्यापुरती ती होती, आणि ती आधीच्या कायद्यातच होती. विमा नसलेल्या आजारी माणसासाठी त्यात काही नव्हतं. डिबेट संपल्यावर रॉमनींचेच सल्लागार एरिक फर्नस्ट्रॉम यांनी पत्रकारांना सांगितलं की अशा लोकांचं राज्यांनी पाहावं. म्हणजे मंचावरचं वाक्य काही तासही टिकलं नाही. ओबामांनी हा मुद्दा मांडला होता, पण तीन महिने, नव्वद दिवस, सलग संरक्षण अशा तपशिलांत. कर्करोगाचा रुग्ण असलेल्या, विमा नसलेल्या बाईला तुमच्या आराखड्यात विमा मिळतो का, हो की नाही, एवढं विचारलं असतं तर घरी बसलेल्या माणसाला निकाल तिथल्या तिथे कळला असता.

११ ऑक्टोबरला केंटकीतल्या डॅनव्हिल इथं उपराष्ट्राध्यक्षपदाची डिबेट झाली. ओबामांचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन डेन्व्हरची भरपाई करायला आले होते हे उघड दिसत होतं. रॉमनींच्या बाजूचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांचं परराष्ट्र धोरणावरचं बोलणं संपताच बायडन म्हणाले, पूर्ण आदर राखून सांगतो, या सगळ्या ‘मलार्की’ आहेत, यातली एकही गोष्ट अचूक नाही. आयरिश-अमेरिकन बोलीतला हा शब्द आपल्या ‘थापा’च्या जवळ जातो. नंतर ‘हे सगळं नुसतं स्टफ आहे’ असं ते म्हणाले तेव्हा सूत्रसंचालक मार्था रॅडट्झ यांनी याचा अर्थ विचारला. बायडन म्हणाले, म्हणजे ते चूक आहे. रायन म्हणाले, हा आयरिश शब्द आहे. हशा झाला.

थाप हा शब्द मराठीतही असाच सोयीचा आहे. ‘खोटारडा आहेस’ म्हटलं तर माणसाच्या चारित्र्यावर बोट जातं. ‘खोटं बोलतोस’ म्हटलं तर त्याच्या हेतूवर. ‘हे खोटं आहे’ म्हटलं तर फक्त वाक्यावर. ‘थापा मारतोस’ मध्ये आरोपही असतो आणि थोडी सलगीही. म्हणूनच बायडन यांचा शब्द चालून गेला. पण त्यांचं हसणं, मान हलवणं, मध्ये मध्ये बोलणं यांनी ते वाया घालवलं. सीएनएनच्या पाहणीत ४८ टक्क्यांनी रायन यांना आणि ४४ टक्क्यांनी बायडन यांना विजयी म्हटलं, तर सीबीएसच्या, मत न ठरलेल्या मतदारांच्या पाहणीत बायडन ५० विरुद्ध ३१ नं पुढे होते. एकच माणूस, एकच रात्र आणि इतकी दोन टोकं. सगळ्याच बोलण्याला थाप म्हटलं की नेमकी कोणती थाप हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि मग तो ज्याला आधीपासून मानतो त्याच्या बाजूनं बसतो.

आणि मग १६ ऑक्टोबर, न्यूयॉर्क राज्यातलं हेम्पस्टेड, हॉफस्ट्रा विद्यापीठ. प्रश्न सामान्य मतदारांचे, दोन्ही उमेदवार खुर्चीवरून उठून मोकळे फिरू शकत होते. सूत्रसंचालक सीएनएनच्या कँडी क्राउली. त्या रात्रीचे ओबामा सुरुवातीपासून वेगळे होते. वाहन उद्योगाच्या दिवाळखोरीवर रॉमनी बोलल्यावर ते म्हणाले, गव्हर्नर रॉमनी म्हणाले ते खरं नाही, आणि लगेच ते का खरं नाही हे एका वाक्यात सांगितलं. सरकारी जमिनीवरच्या तेल उत्पादनावरून दोघं अगदी समोरासमोर आले तेव्हाही तेच: "हे खरं नाही, गव्हर्नर." तेरा दिवसांपूर्वी जे म्हणणं तोचतोचपणाचं वाटत होतं ते आता ते बिनदिक्कत म्हणत होते, आणि कुणालाही ते उद्धट वाटलं नाही. वाक्यावर बोट ठेवलं होतं, माणसावर नाही.

त्यानंतर लिबियाचा प्रश्न आला. ११ सप्टेंबरला बेंगाझीतल्या अमेरिकन कार्यालयावर हल्ला होऊन राजदूत ख्रिस स्टीव्हन्स यांच्यासह चार अमेरिकन मारले गेले होते. ओबामा म्हणाले, हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी मी व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये उभं राहून याला दहशतवादी कृत्य म्हटलं. रॉमनी थबकले. तुम्ही खरंच असं म्हणालात, असं त्यांनी विचारलं. ओबामा म्हणाले, "पुढे बोला, गव्हर्नर." रॉमनी पुढे बोलले: हे नोंदीवर यावं असं मला वाटतं, कारण याला दहशतवादी कृत्य म्हणायला राष्ट्राध्यक्षांना चौदा दिवस लागले. ओबामा म्हणाले, भाषणाची प्रत काढा. आणि क्राउली मध्ये पडल्या: ते तसं म्हणाले होते, सर. "जरा मोठ्यानं सांगाल का, कँडी?" ओबामांनी विचारलं. क्राउलींनी पुन्हा सांगितलं. प्रेक्षकांना शांत राहायला बजावलेलं असूनही टाळ्या पडल्या.

क्राउलींनी लगेच पुढे आणखी एक वाक्य जोडलं होतं: एका (इस्लामविरोधी) व्हिडिओवरून दंगल झाली ही कल्पना मागे पडायला दोन आठवडे लागले, त्याबाबत तुमचं बरोबर आहे. ते टाळ्यांत हरवलं.

या क्षणाचा अभ्यास करताना मला वाईट वाटतं, कारण रॉमनींच्या हातात एक खरी तक्रार होती. १२ सप्टेंबरच्या भाषणातलं ओबामांचं वाक्य होतं, कुठलीही दहशतवादी कृत्यं या महान राष्ट्राचा निर्धार डळमळीत करू शकणार नाहीत. बेंगाझीचं नाव घेऊन ‘हा दहशतवादी हल्ला होता’ असं ते वाक्य नव्हतं. त्याच दिवशी सीबीएसच्या स्टीव्ह क्रॉफ्ट यांनी त्यांना विचारलं होतं की आज सकाळी तुम्ही ‘दहशतवाद’ हा शब्द टाळलात, हा दहशतवादी हल्ला होता असं तुम्हाला वाटतं का. ओबामांचं उत्तर होतं की हे नेमकं कसं घडलं ते सांगणं घाईचं होईल. मुलाखतीतला हा तुकडा सीबीएसनं ४ नोव्हेंबरला, म्हणजे मतदानाच्या दोन दिवस आधी बाहेर आणला. आणि १६ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या राजदूत सुझन राइस टीव्हीवरच्या रविवारच्या कार्यक्रमांतून हल्ल्याचा संबंध त्या व्हिडिओवरच्या निदर्शनांशी जोडत होत्या.

म्हणजे ‘तुम्ही दोन आठवडे लोकांना व्हिडिओची गोष्ट सांगत राहिलात’ हे वाक्य रॉमनी बोलले असते तर ओबामांना उत्तर देणं जड गेलं असतं. त्यांनी त्याऐवजी एका शब्दावर पैज लावली: ते शब्द तुम्ही उच्चारलेच नाहीत. आणि ते शब्द भाषणात होते. आरोप करणाऱ्याचं एक अक्षर चुकलं की त्याच्या मागची सगळी खरी बाजू सोबत बुडते. त्या रात्री सीएनएनच्या पाहणीत ४६ टक्क्यांनी ओबामांना आणि ३९ टक्क्यांनी रॉमनींना कौल दिला. पण टक्क्यांहून महत्त्वाचं मला हे वाटतं की चार माणसांच्या मृत्यूबद्दलचा रास्त प्रश्न त्या टाळ्यांनी मिटवून टाकला. २२ ऑक्टोबरला फ्लोरिडात बोका रॅटन इथं खास परराष्ट्र धोरणावर डिबेट झाली, आणि रॉमनींनी बेंगाझीचा आग्रह धरलाच नाही. उलट ओबामांनीच, रॉमनी वारंवार काढत असलेल्या ‘माफीच्या दौऱ्या’च्या, म्हणजे ओबामा परदेशांत जाऊन अमेरिकेच्या वतीनं माफी मागत फिरले या आरोपाला, या प्रचारातली बहुधा सर्वांत मोठी थाप म्हटलं आणि प्रत्येक तपासणाऱ्यानं हे खरं नसल्याचं सांगितलंय असं जोडलं.

क्राउलींच्या हस्तक्षेपावर पुढे वर्षानुवर्षं टीका झाली. २०१६ च्या डिबेट आल्या तेव्हा आयोजक आयोगाच्या कार्यकारी संचालक जॅनेट ब्राउन म्हणाल्या की सूत्रसंचालकानं विश्वकोश व्हावं ही चांगली कल्पना नाही. मलाही तसंच वाटतं. क्राउली जे म्हणाल्या ते शब्दशः बरोबर होतं, अगदी दोन्ही वाक्यं. पण पंचानं तोंड उघडलं की त्याचं पहिलं वाक्य निकाल म्हणून ऐकलं जातं आणि दुसरं कुणी ऐकत नाही. आणि पंच बोलणार नसेल तर काम उरतं प्रतिस्पर्ध्याचंच.

आपल्याकडे हे दृश्यच नाही. लोकसभा असो की विधानसभा, मुख्य दावेदार एका मंचावर दीड तास समोरासमोर उभे राहत नाहीत. सभागृहात एखाद्या सदस्यानं दुसऱ्याला खोटारडा म्हटलं तर पीठासीन अधिकारी शब्द कामकाजातून काढून टाकतात. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला भ्रष्ट आचार मानतं, पण धोरणाबद्दलच्या खोट्या आकड्यांना ते लागू होत नाही. आणि प्रचारसभेत मात्र दहा हजार लोकांसमोर, शंभर किलोमीटरवर दुसऱ्या सभेत असलेल्या माणसाला रोज खोटारडा म्हटलं जातं. तो तिथून तेच परत म्हणतो. ओबामांनी डेन्व्हरच्या दुसऱ्या दिवशी जे एकदा केलं ते आपल्याकडे महिनाभर चालतं. तोंडावर, उत्तराला जागा ठेवून, एका वाक्यावर बोट ठेवून ‘हे खरं नाही’ म्हटलेलं ऐकण्याची संधी कोणत्याही पक्षाच्या मतदाराला मिळत नाही, आणि मला त्याची फार खंत वाटते.

६ नोव्हेंबरला ओबामा निर्वाचक मंडळाच्या (इलेक्टोरल कॉलेजच्या) ३३२ विरुद्ध २०६ मतांनी जिंकले. त्यात या डिबेटचा वाटा किती, यावर मी काही म्हणणार नाही.

डेन्व्हरबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या रात्री आपल्या आरोग्य कायद्याची बाजू मांडताना ओबामा म्हणाले होते, तुमच्याकडे विमा असेल तर तुमचा विमा तुमच्याकडेच राहील, तुमचा डॉक्टरही. वर्षभरानं, २०१३ च्या शरदात, नव्या नियमांत न बसणाऱ्या पॉलिसी रद्द होत असल्याची पत्रं लाखो अमेरिकनांच्या हाती पडली. ७ नोव्हेंबर २०१३ ला एनबीसीच्या चक टॉड यांच्याशी बोलताना ओबामांनी, माझ्या आश्वासनावर विसंबून ज्यांची ही अवस्था झाली त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, अशी माफी मागितली. पॉलिटिफॅक्ट या तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थेनं त्या आश्वासनाला त्या वर्षीचं सर्वांत मोठं असत्य ठरवलं. डेन्व्हरच्या मंचावर रॉमनींनी या कायद्यावर बरेच हल्ले केले, कंपन्या कर्मचाऱ्यांचा विमा बंद करतील असे आकडेही दिले. त्या एका वाक्यावर मात्र थांबून त्यांनी विचारलं नाही की प्रत्येकाचा विमा राहील का, अगदी प्रत्येकाचा, हो की नाही.